केंद्रे सर भाषण हाणतात

किस्से काही कुणी ठरवून साठवत नाही हो. चार माणसं रोज एकाच गाडीत, एकाच जागेवर बसून जायला-यायला लागली की ते आपोआप साठतात. सीटखाली शेंगांची फोलपटं साठतात ना, तसेच. झाडून काढले तरी दुसऱ्या दिवशी आहेतच!

आमची गाडी म्हणजे शेख सरांची जुनी व्हॅन. गंगाखेडहून निघायचं, पालमच्या अलीकडं आत वळायचं, की आमची जिल्हा परिषदेची शाळा. शेख सर गणित शिकवतात आणि गाडी चालवतात. त्यांच्या शेजारी पुढं मुख्याध्यापक केंद्रे सर. मागं मी, म्हणजे जाधव बाई, आणि माझ्या शेजारी कांबळे मॅडम. वयानं सगळ्यात लहान, जिभेनं सगळ्यात तिखट.

आमच्या किस्स्यांत दहातले नऊ केंद्रे सरांचे. कारण एकच. केंद्रे सर भाषण हाणतात.

पुण्याकडं भाषण करतात म्हणे. आमच्याकडं हाणतात! बोलणं वेगळं, सांगणं वेगळं, वराडणं वेगळं आणि हाणणं वेगळं. भांडणात माणूस वराडतो, त्याला कुणी हाणणं म्हणत नाही. हाणायला आधी आवाज खाली न्यावा लागतो, जरा थांबावं लागतं, उजवा हात हळूहळू वर काढावा लागतो आणि मग एकदम...! "काय हाणलं राव सरांनी आज!" असं कुणी म्हणलं की ती शाबासकी. आणि "हाणू नका, सांगा" म्हणलं की समजायचं, ऐकणाऱ्याला शौचाला तरी जायचंय नाहीतर घरी तरी.

शेख सरांची व्याख्या गणितातली आहे. "बोलनेवाला सामनेवाले की आँख में देखके बोलता. हाणनेवाला उसके डोके के एक फूट ऊपर देखके!"

* * *

एकदा तपासणीला साहेब आले. नवीनच होते बिचारे. फॉर्म भरता भरता त्यांनी खाली मान घालून विचारलं, "सर, शौचालयं किती?"

केंद्रे सर उभे राहिले. मी आणि कांबळे मॅडमनं एकमेकींकडं बघितलं. उभं राहायची काय गरज होती?

"साहेब!" सर म्हणाले आणि थांबले. हात वर निघाला. "स्वच्छता ही नुसती सवय न्हाई साहेब, तो संस्कार हाय! ज्या गावात पहाटे लोटे घेऊन रांगा लागायच्या, त्या गावात ह्या चिमुकल्या हातांनी..."

चिमुकले हात झाले, गावातला बोअर झाला, पाण्याची टाकी कशी चढवली ते झालं. टाकी चढवताना तर सरांनी दोन्ही हात वर केले. साहेबांचा पेन फॉर्मच्या चौकोनावर तसाच थांबलेला. आठ मिनिटांनी सर खाली बसले, घाम पुसला.

उत्तर होतं, दोन.

साहेबांनी 'दोन' लिहिलं. आणि पुढचा प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून गुपचूप शेख सरांच्या हातात दिला!

* * *

आमच्या भागात कुणाचं दहावं असलं की गंगेच्या काठी चार माणसं गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतात. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. दोन शब्दांसाठी केंद्रे सरांना लांबलांबून बोलावणं येतं. नामदेवराव नावाचे एक म्हातारे वारले होते, शाळेला जागा देणारे. आम्ही चौघंही गेलो.

सर त्या दिवशी मनापासून हाणत होते, हे सांगायला पाहिजे. नामदेवरावांवर त्यांचा जीव होता. बायका पदर डोळ्याला लावायलेल्या. पोरं हमसायलेली. सरांनी नदीकडं बघितलं, आवाज खोल नेला आणि हात लांबवून म्हणाले, "नामदेवराव, उठा! एकदा उठा! हे गाव तुमाला हाक मारायलंय! नामदेवराव, एकदा तरी उठा!"

समोर बसलेला नामदेवरावांचा थोरला लेक हळूच उठून सरांजवळ आला. हात जोडले.

"सर, बाकी कायबी म्हणा. उठा म्हणू नका. कालच वाटण्या झाल्यात!"

* * *

आता जो किस्सा सांगते त्याला हसू नका. आम्हीही हसलो नव्हतो. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, ते जास्त वाईट.

केंद्रे सरांना एकुलती एक मुलगी, वैष्णवी. आम्ही वैशू म्हणतो. पोरगी गुणाची, पण बारावीला दोनदा नापास झाली. सायन्स तिला नकोच होतं, ते असो. तिसऱ्यांदा निघाली आणि नर्सिंगला लागली. संभाजीनगरला हॉस्टेलवर राहायची. मागच्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगला सुट्टीत आली होती, आईसोबत पहिल्या रांगेत बसली होती. छान पिवळा ड्रेस घातलेला. गावातली सगळी माणसं मागं.

सर अपयशावर बोलायलेले. पोरांनी अपयशाला घाबरू नये वगैरे. लोक जरा थंड होते. चुळबुळ चालली होती. आणि हाणणाऱ्या माणसाला थंड लोक सोसत नाहीत. त्यांनी आवाज खाली नेला, थांबले, हात निघाला आणि तो नेमका पहिल्या रांगेकडं गेला.

"दुसऱ्याचं कशाला सांगू? ही माझी पोटची पोरगी! बारावीला एकदा नापास! टाळी वाजवू नका... दुसऱ्यांदाबी नापास! तोंड दाखवायला जागा न्हाई राहिली ह्या बापाला! पण हा बाप खचला न्हाई!"

काय टाळी पडली म्हणून सांगू! टाळी पडली तसे सर आणखी चढले. ती कशी कोंडून घेऊन रडायची, जेवायची नाही, सगळं सगळं सांगितलं. मी मंचावर होते. मला वैशूचं तोंड समोर दिसत होतं. आणि तरी माझे हात वाजतच होते. सवय, दुसरं काय! आजही आठवलं की माझ्याच थोबाडीत मारून घ्यावं वाटतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं वैशू गेली. पुढं चौदा महिने हेच चाललं. आईशी रोज बोलायची. सरांशी एक शब्द नाही. सुट्टीला घरी आली नाही, दिवाळीला आली नाही. सर व्हॅनमध्ये पहिले काही दिवस म्हणायचे, "पण मी खोटं काय बोललो? शेवटी तिचं कौतुकच केलं की!" मग म्हणायचे बंद झाले.

* * *

त्यानंतर सरांनी वक्तृत्व स्पर्धेला पोरं तयार करणंही सोडलं होतं. आम्हीच मागं लागलो. मग त्यांनी पाचवीतली राधिका घेतली. विषय, 'माझी आई'.

सरांची पद्धत ठरलेली. भाषण वहीत लिहून द्यायचं आणि शब्दांवर बाण काढायचे. वर बाण म्हणजे हात वर, आडवा बाण म्हणजे हात लोकांकडं, गोल म्हणजे थांबायचं. मग स्वतः समोर उभं राहून करून दाखवायचं. राधिका महा हुशार! पंधरा दिवसांत सगळं पाठ.

तालुक्याला स्पर्धा. राधिका मंचावर गेली. "माझी आई!" म्हणाली आणि थांबली. मग घसा खाकरला. डावा हात कमरेवर ठेवून जरा वाकली, कण्हली आणि बोटानं नाकावरचा चष्मा वर सारला.

तिला चष्मा नव्हता हो!

कंबर सरांची, कण्हणं सरांचं, खोकला सरांचा! पोरीनं वहीतले बाण पाठ केले होतेच, सोबत अख्खा केंद्रे सर पाठ केला होता. दर दोन वाक्यांनी चष्मा वर. शेवटी तर खिशातून नसलेला रुमाल काढून टक्कल पुसलं! दोन वेण्या घातलेल्या पोरीनं!

दुसरा नंबर आला. परीक्षकांचा शेरा होता, "वयस्कर गृहस्थाचा अभिनय अप्रतिम. त्यांचा आईशी संबंध स्पष्ट करावा."

परत येताना सर व्हॅनमध्ये इतकं हसले की त्यांना ठसका लागला. लय दिवसांनी हसले. हसता हसता त्यांनी मोबाईल काढला आणि राधिकाचा बक्षिसाचा फोटो वैशूला पाठवला. पूर्वी असंच करायचे ना, त्या सवयीनं. मग त्यांना आठवलं. एकच टिक आली आणि तशीच राहिली. तिनं त्यांचा नंबरच ब्लॉक केलेला. सरांनी फोन पालथा करून मांडीवर ठेवला आणि पार गंगाखेड येईपर्यंत तो सुलटा केला नाही.

* * *

गेल्या उन्हाळ्यात कांबळे मॅडमचं लग्न झालं. वैशूची आणि तिची चांगली मैत्री, पण वैशूचा निरोप आला, "ताई, बाबा बोलणार असतील तर मी न्हाई येत." आणि बाबा बोलणार होतेच. मॅडमच्या आईनं स्वतः घरी जाऊन त्यांना सांगितलं होतं.

बौद्ध पद्धतीचं लग्न. वंदना झाली, प्रतिज्ञा झाली, मग दोघातिघांची भाषणं. नवरदेवाकडची मंडळी पाथरीची, त्यांना जेवून लवकर निघायचं होतं. म्हणून मॅडमनं साऊंडवाल्याला आधीच गाठून ठेवलेलं. "केंद्रे सरांना तीन मिनिटं. मग माईक बंद."

तीन मिनिटांनी त्यानं माईक बंद केला. सरांना कळलंच नाही! उलट आवाज कमी आलाय असं वाटून त्यांनी पोटातून लावला. मंडपाबाहेर भांडी घासायलेल्या बायका हातातली पातेली घेऊन ऐकायला आल्या. नवरीनं स्टेजवरून साऊंडवाल्याला डोळे वटारून खुणा केल्या, तसा तो बिचारा तिथंपर्यंत पळत आला.

"मॅडम, माईक कवाच बंद केलाय! आता सरांना कुठून बंद करू?"

पण खरं सांगते, त्या दिवशी कुणीच उठलं नाही. मॅडमच्या आईनं दुसऱ्याच्या रानात कापूस वेचून पोरीला कसं शिकवलं, ते सर बोलत होते. ती माउली पहिल्या रांगेत ताठ बसून ऐकत होती आणि रडत होती. पाथरीचे पाहुणे जेवण विसरले. मीही रडले.

लग्नाची रजा संपवून मॅडम परत व्हॅनमध्ये बसल्या. मागून म्हणाल्या, "सर, एक बोलू? आईबद्दल तुमी बोललाव ते खरं होतं. वैशूबद्दलबी खरंच होतं. पण माझ्या आईला तुमी आदल्या दिवशी विचारलं होतं. हे सांगू का, ते सांगू का. वैशूला विचारलं होतं का?"

केंद्रे सर शाळा येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले.

* * *

आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी परत निघताना सर म्हणाले, "जाधव बाई, तुमच्या फोनवरून वैशूला लावता का? तुमचा उचलंल ती."

"लावते की! काय बोलणार?"

सरांनी खिशातून कागद काढले. तीन पानं! वर बाण, आडवे बाण, गोल. शेख सरांनी गाडी कडेला सोयाबीनच्या रानाजवळ घेतली. "जरा सुनाव तो."

सर खाकरले. "वैष्णवी! काळाच्या विशाल प्रवाहात बाप नावाचा एक खडक..."

"सर," शेख सर म्हणाले, "ये माफी है के पंद्रा अगस्त?"

कांबळे मॅडमनं कागद हिसकावले, पर्समधून वह्या तपासायचा लाल पेन काढला आणि खडकापासून सुरुवात केली. खडक गेला, प्रवाह गेला. दुसरं पान अख्खं गेलं. "हे काय, 'तुझ्या भल्यासाठीच'? हे तर आधी काढा!" सर प्रत्येक वाक्याला "अहो ते राहू द्या, ते लय चांगलं झालंय" म्हणत होते. शेवटी चार ओळी उरल्या.

"एवढंच?" सर म्हणाले. "ह्यात हाणायला काय राहिलं?"

"हाणायचं न्हाईच सर," मी म्हणाले. "बोलायचं."

पण हात? हात वर निघाला की आवाज त्याच्या मागं निघतो, हे आम्हाला पंधरा वर्षांत पाठ झालेलं. शेख सरांनी चौघांच्याही डब्याच्या पिशव्या सरांच्या दोन्ही हातांत दिल्या. "पकडो. सांडायचं नाही. मेरे में कालवण है!"

मी फोन लावला, स्पीकर केला, सरांच्या तोंडाजवळ धरला.

"बोला काकू!" वैशूचा आवाज. चौदा महिन्यांनी सरांनी तो ऐकला. मी मागून खांद्याला ढोसलं.

"वैशू," सर म्हणाले. इतकं हळू, की शेख सरांनी गाडीचं इंजिन बंद केलं. "मी बोलायलोय. त्या दिवशी... तुझं मी चारचौघांत सांगायला नको होतं. तुला विचारलंबी न्हाई. चुकलं माझं."

मला वाटलं, ठेवला पोरीनं फोन.

"बाबा?" वैशू म्हणाली. "बाबा, काय झालं तुमाला?"

"काय न्हाई गं."

"मग आवाज असा का यायलाय? छातीत दुखायलंय का? घाम आलाय का? डावा हात जड वाटायलाय का?"

सरांनी हातातल्या पिशव्यांकडं बघितलं. "हातं जड हायत," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

"काकू! बाबांना आडवं झोपवा! काकू, कुठं हाव तुमी? त्यांना चालू देऊ नका!"

"न्हाई गं वैशू, बरा हाय मी," सर आणखी हळू म्हणाले. त्यांना रडू यायलेलं.

"बरा हाय म्हणायलेत! म्हंजे नक्कीच काहीतरी..."

आणि रेंज गेली. त्या रस्त्याला रेंजचा तसाही भरवसा नाही. पुढं येऊन मी पुन्हा लावला, तर तिचा फोन बिझी. केंद्रे सर पिशव्या धरून तसेच बसलेले. डोळे वाहायलेले, पुसायला हात मोकळे नाहीत.

"बाबा म्हणाली," ते म्हणाले. "ऐकलं का तुमी? बाबा म्हणाली."

कांबळे मॅडमनं पुढं वाकून स्वतःच्या ओढणीनं त्यांचे डोळे पुसले.

घरी पोचल्यावर मी केंद्रे वहिनींना फोन केला. म्हणलं, वैशूचा गैरसमज झालाय, सर ठणठणीत आहेत, तिला कळवा.

"मला आला होता तिचा फोन," वहिनी म्हणाल्या. "बाबांना काय झालंय म्हणून रडायली होती. मी म्हणलं, बाई, मला तर ते कधी काय सांगत न्हाईत, तूच येऊन बघ." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि जाधव बाई, तुमीबी आता तिला काही कळवू नका. सरांनाबी न्हाई. माझी शपथ हाय!"

* * *

दुसऱ्या दिवशी शाळेत पालक मेळावा होता. मंडप घातलेला, माईक लावलेला, दीडशे-दोनशे आईबाप आलेले. मी गेटजवळ टेबल टाकून पालकांच्या सह्या घ्यायला बसले होते. शेख सर खुर्च्या लावत होते.

बाराच्या सुमाराला गेटसमोर ऑटो थांबला. त्यातून वैशू उतरली. पाठीवर सॅक, केस विस्कटलेले, हातात बीपीचं मशीन. पहाटेची गाडी धरून गंगाखेडला उतरली होती. घरी गेली, तर आई म्हणाली, शाळेत गेलेत.

"काकू, अशा तब्येतीत शाळेत कसं येऊ दिलं त्यांना? कुठं झोपवलंय?"

मी काही बोलायच्या आतच भोंगा गरजला.

"आईबापहो! शाळा बुडवून सोमवारच्या बाजाराला लेकरं नेता! त्या लेकराच्या हातात तराजू देता! मी तुमाला विचारतो..." आवाज खाली गेला. थांबला. वैशूनं गेटचा गज धरला. "वांगी तुमाला पुढल्या सोमवारीबी मिळतील! पण हा सोमवार, आईबापहो, हा सोमवार त्या लेकराला पुन्हा कोण देणार हाय?"

काय टाळी पडली! मंचावर केंद्रे सरांचा हात पार मंडपाच्या कापडाला टेकलेला. त्यांचं गेटकडं लक्ष नव्हतं. ते लोकांच्या डोक्याच्या एक फूट वर बघत होते.

वैशूच्या तोंडाकडं मी बघत राहिले. आधी ती हसली. मग रडली, मग पुन्हा हसली. बाहीनं नाक पुसत ती सगळ्यात मागं सतरंजीवर, दोन बायकांच्या मधी जाऊन बसली. बीपीचं मशीन मांडीवर ठेवलं.

शेख सर खुर्ची घेऊन तिच्याकडं धावले. वाकून म्हणाले, "बेटा, जाके बोलूं क्या उनको, तू आली म्हणून? रोकूं?"

वैशूनं मंचावरची नजर काढली नाही.

"नको काका," ती म्हणाली. "हाणू द्या!"